फोडणी-प्रूफ घर: हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आज दिवाळीचा चिवडा केला, आणि त्यावरूनच हा प्रकल्प सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. कढईत तेल, मोहरी, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, बस, मिरच्या पडल्या आणि पंधरा सेकंदात हॉलमधला स्मोक अलार्म बोंबलायला लागला. धाकटा कानात बोटं घालून टेबलाखाली, थोरली वरून ओरडतेय "मम्मा माझा ऑनलाइन क्लास चालूये", नवरा झाडू घेऊन आला आणि दांड्याने बटण दाबायला लागला. हे आमच्याकडे नेहमीचंच, त्याला झाडूचा दांडा नेमका कुठे लावायचा ते झोपेतही कळेल.

पण आज एक गंमत झाली. दुपारी सेलोटेप शोधायला ड्रॉवर उघडला तर पिझ्झाच्या मेनूखाली, रबरबँडच्या गुंत्यात, एक पांढरी गोल तबकडी. किचनबाहेरच्या पॅसेजमधला अलार्म. वर बघितलं तर छताला नुसती बशी आणि एक लोंबती वायर. कोणी काढला, कधी काढला, कोणालाच आठवेना. शेवटी नवऱ्याने कबूल केलं की श्रावणात आळूवड्या तळताना काढला होता, "नंतर लावू म्हंटलं". म्हणजे किमान दीड महिना आमच्या किचनपाशी अलार्मच नव्हता आणि सहापैकी एकाही माणसाला (आईबाबा तेव्हा इथेच, न्यू जर्सीत आमच्याकडे होते) ते जाणवलं नाही!

आईबाबा नोव्हेंबरमध्ये परत येतायत. मग मार्गशीर्षातले गुरुवार, ख्रिसमस, ट्री, हीटर, सगळं एकदमच. म्हंटलं आपण ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो, एकदा स्वतःच्या घराचंही करू. गुगल शीट उघडलीय. नाव ठेवलं "फोडणी-प्रूफ".

२० ऑक्टोबर, रविवार

इन्व्हेंटरी. शिडीवर मी, शिडी धरायला नवरा, तोही फोनवर मॅच बघत.

एकूण सहा अलार्म, त्यातला एक ड्रॉवरमध्ये. प्रत्येक फिरवून मागचं बघितलं. मागे बारीक अक्षरात तयार केल्याची तारीख असते, मला हे आजवर माहीतच नव्हतं. सगळ्यांवर २००९. स्मोक अलार्म १० वर्षांनी बदलायचे असतात, बॅटरी नवी असली तरी, कारण आतला सेन्सर धुळीने आणि वयाने मंदावतो. आमचे १५ वर्षांचे. टेस्ट बटण दाबलं की छान वाजायचे आणि आम्ही खूश, पण ते बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, धूर ओळखता येतोय का ते त्यातून नक्की कळत नाही.

दुसरं म्हणजे, हे सगळे आयोनायझेशन जातीचे. आत अमेरिशियमचा अगदी सूक्ष्म किरणोत्सारी कण असतो, हवेतून बारीक विद्युतप्रवाह वाहतो, धुराचे कण शिरले की तो कमी होतो. भडकलेल्या ज्वाळेचे बारीक कण त्याला पटकन कळतात, पण फोडणीचे कणही तितकेच बारीक, म्हणून तो मोहरीला घाबरतो. दुसरी जात फोटोइलेक्ट्रिक, त्यात प्रकाशाचा किरण असतो आणि धुरावरून तो विखुरला की अलार्म. गादी, सोफा असं धुमसत असेल तर ही जात लवकर उठते, आणि फोडणीला जरा कमी दचकते. रात्री माणसं मरतात ती बहुतेक धुराने, म्हणून धुमसणारी आग आधी कळणं महत्त्वाचं.

टेपने मोजलं. पॅसेजमधला अलार्म शेगडीपासून ७ फुटांवर. नियम किमान १० फुटांचा. म्हणजे आळूवडीचा दोष नव्हता हो, घर बांधणाऱ्यानेच तो चुकीच्या जागी टांगला होता आणि आम्ही इतकी वर्षं स्वतःच्या स्वैपाकाला शिव्या घालत होतो.

२६ ऑक्टोबर, शनिवार

नवे अलार्म बसवले. बेडरूममध्ये एकेक, झोपायच्या खोल्यांबाहेर एक, प्रत्येक मजल्यावर एक, बेसमेंटमध्ये एक. सहाचे आठ झाले. झोपायच्या जागांबाहेरचे आणि बेसमेंटमधला असे कार्बन मोनॉक्साइडवालेच घेतले, घर तापवणारी फर्नेस गॅसवर आहे आमची.

जुने वायरवाले होते, एक वाजला की सगळे वाजणारे, म्हणून नवेही तसेच आणि सगळे एकाच कंपनीचे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांशी बोलत नाहीत. आधी खाली जाऊन ब्रेकर पाडला, मग जुना फिरवून काढला, मागचा प्लग सोडवला, नवी पट्टी, नवा प्लग, वर फिरवून बसवला. पहिल्याला चाळीस मिनिटं लागली, आठव्याला सहा. बाथरूमच्या दारापासून ३ फूट लांब ठेवला, नाहीतर आंघोळीच्या वाफेने वाजतो, आणि हवा फेकणाऱ्या व्हेंटपासूनही लांब.

किचनबाहेरचा आता १४ फुटांवर, फोटोइलेक्ट्रिक, आणि वर भलंमोठं हश बटण आहे. ते दाबलं की काही मिनिटं गप्प बसतो आणि मग आपोआप पुन्हा जागा होतो. बॅटरी काढायची गरजच नाही. झाडूचा दांडा मात्र चालतो, तपासलं.

गंमत म्हणजे नव्या मानकात अलार्मने स्वैपाकाच्या धुराला उगाच वाजू नये याची टेस्ट आहे आणि त्यासाठी लॅबमध्ये हॅम्बर्गर भाजतात. हॅम्बर्गर! कोणीतरी त्या लॅबला लसणाची फोडणी आणि सुक्या बोंबलाचं पाकीट पाठवा. संध्याकाळी आम्हीच टेस्ट घेतली, मुद्दाम चार मिरच्यांची कडक फोडणी, चिमणी चालू. गप्प. चिमणी बंद करून पुन्हा. गप्प. तिसऱ्यांदा सुकं खोबरं भाजताना करपवलं तेव्हा वाजला, आणि ते बरोबरच होतं.

जाता जाता: ती दर मिनिटाला येणारी एकच 'टिक' म्हणजे बॅटरी संपत आल्याची हाक. आमच्या मंडळाच्या झूम मीटिंगमध्ये किमान दोन घरांतून ती सहा महिने ऐकू येतेय. नाव घेत नाही, पण तुम्हाला माहितीय तुम्ही कोण ते.

२ नोव्हेंबर, शनिवार

लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन यंदा एकाच दिवशी. दाराशी पणत्या आणि त्याच पायरीवर पॉलिएस्टरचे झगे घालून कँडी मागणारी पोरं, माझा जीव वर-खाली. एका छोट्या चेटकिणीचा झगा पणतीवरून गेला, काही झालं नाही पण मी त्याच क्षणी सगळ्या पणत्या उचलून खिडकीच्या आत, दगडी सिलवर नेल्या आणि पायरीवर बॅटरीच्या लावल्या. कोणालाही फरक कळला नाही.

आज कपडे. अभ्यंगाचे टॉवेल. तिळाच्या तेलाने चिप्प झालेले पाच टॉवेल मी सवयीप्रमाणे धुवून ड्रायरमध्ये टाकणार होते. मग ड्रायरच्या दाराच्या आतलं लेबल पहिल्यांदा वाचलं. त्यावर सरळ लिहिलंय की खाद्यतेल लागलेले कपडे यात टाकू नका, धुवून झाल्यावरही थोडं तेल राहतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जुळतं, त्यातून उष्णता निघते, आणि गरम टॉवेलांचा ढीग घडी करून टोपलीत ठेवला की ती बाहेर पडायला वाट नसते. म्हणजे मशीन बंद करून दोन तासांनीही होऊ शकतं. पाच वर्षं आम्ही हेच करतोय. टॉवेल आता बेसमेंटमध्ये दोरीवर, हवेशीर, पुण्याच्या गॅलरीसारखे.

ड्रायर उघडलाच आहे तर मागची नळी काढली. लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटलेला कापसासारखा भुगा! माझ्या उशीएवढा. बाहेरच्या तोंडाशी पक्ष्याने काड्या रचलेल्या. कपडे सुकायला दोन फेऱ्या का लागत होत्या ते कळलं. चंदेरी प्लॅस्टिकची चुरगळणारी नळी होती ती टाकून धातूची कडक नळी घातली.

३ नोव्हेंबर, रविवार

इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे. बेसमेंटमधल्या बॅटऱ्या बदलल्या. मुलांना सगळ्या अलार्मची बटणं दाबायला दिली, त्यांची दिवाळी परत झाली.

९ नोव्हेंबर, शनिवार

ऑक्टोबरभर पाऊस नाही, न्यू जर्सीत नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कोरडा महिना म्हणे. उत्तरेकडे न्यूयॉर्कच्या हद्दीवर जेनिंग्ज क्रीकचा वणवा पेटलाय, नवरा वेन गावाहून आला तर गाडीत जळक्या लाकडाचा वास होता. राज्यभर बाहेर लाकूड-कोळसा पेटवायला बंदी. शेजारच्या काकांचा तुळशीच्या लग्नाला मागच्या अंगणात फटाके लावायचा बेत होता, त्यांना जाऊन सांगितलं, ते जरा खट्टू झाले. अंगणातली पानं बोटांत धरली तर पापडासारखी मोडत होती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आईबाबा आले मंगळवारी. चार बॅगा, दोन लोणच्याच्या बरण्या, आणि येताच थंडी. गुरुवारी बाबांनी स्वतःच कपाटातून जुना हीटर काढून लावला. आज मी खोलीत गेले तर हीटर एक्स्टेंशन बोर्डावर, बोर्ड पलंगाखाली, वर गोधडीचा कोपरा लोंबतोय. त्याच बोर्डावर फोनचा चार्जर आणि बाबांच्या कानयंत्राचा चार्जर.

प्लग ओढून काढला आणि हात मागे घेतला, इतका गरम. बोर्डाच्या त्या एका भोकाभोवती पांढरं प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालेलं, चहाचा डाग पडल्यासारखं, आणि प्लगची एक पात काळवंडलेली. वास घेतला तर मासळीसारखा. बाबा म्हणाले, "अगं मला वाटलं आईच्या बॅगेतला बोंबील."

गणित सोपं आहे. हीटर १५०० वॅटचा, इथलं व्होल्टेज १२०, म्हणजे साडेबारा अँपिअर. खोलीचा ब्रेकर १५ चा, आणि तासनतास चालणाऱ्या गोष्टीसाठी त्याच्या ८० टक्के म्हणजे १२ च धरायचे. म्हणजे एकटा हीटरच काठोकाठ, त्यात वरून स्वस्त बोर्ड ज्याच्या आतली पट्टी बारीक आणि सैल. सैल जागी रोध वाढतो, तिथे उष्णता, उष्णतेने आणखी सैल, आणि ब्रेकर पडत नाही कारण प्रवाह तर ठीकच आहे! ब्रेकर पडला नाही म्हणजे सगळं सुरक्षित, हा माझाही समज होता.

इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीतलं सॉकेट बदललं, प्लग त्यात नुसता लोंबायचा. नियम लिहून दाराला चिकटवला: हीटर थेट भिंतीत, चारी बाजूंनी ३ फूट मोकळे, खोलीतून बाहेर पडताना आणि झोपताना बंद.

मग नवऱ्याने विचारलं, ही खोली एवढी थंड का पण? बाकीचं घर तर गरम आहे. शोधलं. जमिनीतल्या व्हेंटवर आईंची लाल बॅग उभी होती. दुसऱ्या व्हेंटवर दुसरी. बॅगा हलवल्या, तासाभरात खोली ऊबदार, आणि बाबांनी स्वेटर काढला. एवढं सगळं झाल्यावर.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचं काम देवघर. हे लिहिताना जरा लाज वाटतेय.

आमचं देवघर डायनिंगजवळच्या कोटांच्या कपाटात आहे, इथे बऱ्याच आपल्या घरांत असंच असतं, दार लावलं की पाहुण्यांना कपाट, उघडलं की देव. आत मधल्या फळीवर देव, त्यांच्यापुढे समई आणि निरांजन, वरच्या फळीवर... गिफ्टच्या कागदी पिशव्या, रॅपिंग पेपरचे रोल, जुनी कॅलेंडरं, आणि कापराचा डबा.

शिडी लावून वरच्या फळीची खालची बाजू टॉर्चने बघितली. समईच्या बरोबर वर एक काळं वर्तुळ, ताटलीएवढं, मधोमध अगदी डांबरी आणि कडेला धुरकट होत गेलेलं. बोट लावलं तर मऊ काजळी, बोट काळं. त्याखाली रंगाला फोड आलेले, नखाने दाबले तर करकरीत फुटले, आणि आत लाकूड कॉफीच्या रंगाचं. आठ वर्षं रोज संध्याकाळी आम्ही दिवा लावून शुभं करोति म्हणत होतो आणि ती ज्योत तेवढ्याच शांतपणे वरची फळी भाजत होती.

आईंना दाखवलं. मला वाटलं वाद होणार. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सांगलीला आपलं देवघर दगडी कोनाड्यात होतं गं. खाली शहाबादी, मागे दोन हाताची भिंत. समई कलंडली तर फार तर फरशी तेलकट व्हायची. इथे नुसतं लाकूड न् पुठ्ठा." मी पाच आठवडे शीटमध्ये जे लिहितेय ते त्यांनी दोन वाक्यांत संपवलं.

वरची फळी काढून टाकली. कपाटाचं दार बिजागरीसकट काढलं. देवांच्या फळीवर आणि मागे टाइल बसवली, उरलेली बाथरूमची, निळी फुलं आहेत, देवांना चालेल. कापूर आणि काडेपेटी स्टीलच्या डब्यात, वेगळ्या कपाटात. रात्री समई पेटवून ज्योतीच्या वर हात धरून बघितला, हात लांब लांब नेत गेले तरी ऊब जाणवत होती. ज्योत जेवढी दिसते तेवढीच नसते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

अमेरिकेत स्वैपाकघरातल्या आगी वर्षातल्या सगळ्यात जास्त आजच्या दिवशी लागतात. आमच्याकडे टर्की नाही पण अठरा माणसं आणि बटाटेवडे, म्हणजे तेल तितकंच.

सकाळी, गॅस पेटवायच्या आधी, थंड कढईवर प्रॅक्टिस घेतली. तेल पेटलं तर: गॅस बंद, झाकण सरकवत टाकायचं, आणि तिथेच ठेवायचं, उचलून बघायचं नाही. पाणी कधीच नाही, कारण पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सतराशे पट जागा घेते, ते सगळं जळतं तेल छतावर घेऊन जाते. प्रश्न आला झाकण कुठलं. आमच्या मोठ्या कढईला झाकणच नाही! आईंनी कणकेची परात उपडी घातली, बरोब्बर बसली. परात आता तळण असेल तेव्हा ओट्यावर, कणीक आधीच मळून ठेवायची.

अग्निशामक सिंकखालून काढून किचनच्या दाराजवळ भिंतीला लावला. शेगडीच्या पलीकडे ठेवून उपयोग नाही, आगीतून हात घालून घेणार का? सगळ्यांना शिकवलं: पिन ओढा, नळी बुडाकडे धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. कढईतल्या तेलावर मात्र आधी परातच, सिलेंडरच्या जोराने तेल उडू शकतं.

वडे उत्तम झाले. अलार्म एकदाही नाही. एका पाहुणीने विचारलं, "तुमच्याकडचा काढून ठेवलाय का? आम्ही पार्टीला काढतो."

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट, नारळ, पोथी, आणि नंदादीप. आईंना दिवा दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेपर्यंत तेवता हवा, मला झोपताना घरात उघडी ज्योत नको. दोघी हट्टी.

तोडगा असा निघाला. समई पोथी आणि आरतीपर्यंत, कोणीतरी समोर बसलेलं असताना. नंतर काचेच्या चिमणीतला छोटा तेलाचा दिवा, पितळी पराती­त वाळू, परात किचनच्या ग्रॅनाइटवर, आजूबाजूला तीन फूट काही नाही, पडदा नाही, पेपर टॉवेल नाही. तो रात्री दहापर्यंत. दहाला आईंनी स्वतः हात जोडून तो शांत केला आणि बॅटरीचा लावला, आणि बॅटरीच्या दिव्याला हळदकुंकू वाहिलं. मी काही बोलले नाही.

पदराला पिन. आईंनी नऊवारीतल्या आपल्या आजीचं उदाहरण दिलं, पदर खोचल्याशिवाय ती चुलीपाशी जायचीच नाही. आपण विसरलो ते.

८ डिसेंबर, रविवार

ख्रिसमस ट्री. धाकट्याला खरंच झाड हवं, प्लॅस्टिकचं नको. ठीक आहे, पण अटींवर. फार्मवर फांदी मुठीत धरून ओढून बघितली, सुया हातात आल्या नाहीत, म्हणजे ताजं. घरी आणून बुंध्याचा इंचभर काप काढला, कारण जुन्या कापावर चीक साचून तोंड बंद होतं आणि मग पाणी चढत नाही. लगेच स्टँडमध्ये पाणी.

साधा हिशेब बुंध्याच्या दर इंचाला रोज एक क्वार्ट. आमचा बुंधा ४ इंच, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. आई म्हणाल्या, "तुळशीला मेलं एवढं नाही घालत." पण रोज पाणी घालायचं काम त्यांनीच घेतलं, तुळशीनंतर लगेच, तांब्याने, पहिल्या दिवशी नमस्कारही केला.

जागा: व्हेंटपासून लांब, बाहेर जायच्या दाराच्या वाटेत नाही. लाइट एलईडी, स्पर्शाला गार. जुन्या बल्बच्या माळा होत्या, एकीत वायर उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती, दोन्ही फेकल्या. झोपताना आणि बाहेर जाताना माळा बंद, त्यासाठी टायमर.

मी सगळ्यांना मुद्दाम तो सरकारी लॅबचा व्हिडिओ दाखवला, पाणी घातलेलं झाड आणि कोरडं झाड शेजारी शेजारी. कोरडं मिनिटभराच्या आत अख्खी खोली घेतं. धाकट्याने तीनदा बघितला आणि मग पाण्याची पातळी मोजायला पट्टी घेऊन बसला.

१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती, प्रसाद झाला, सगळे दमून झोपले. पावणेअकराला मी अलार्मचं बटण दाबून धरलं आणि स्टॉपवॉच सुरू केलं. आगीत बाहेर पडायला एक-दोन मिनिटंच मिळू शकतात, आजच्या सोफे-गाद्यांमध्ये फोम असतो, झपाट्याने पेटतं.

निकाल. नवरा: २० सेकंदात जागा, पण पँट शोधत बसला. थोरली: बाहेर, फोन घेऊन. आई: बाहेर, आणि मग बाबांसाठी परत आत. धाकटा: उठलाच नाही. आठ अलार्म एकदम किंचाळतायत, एक त्याच्या डोक्यावर, आणि तो कूस बदलून झोपला. लहान मुलं खरंच झोपून जातात यातून, वाचलं होतं, पण डोळ्याने बघितलं की पोटात गोळा येतो.

आणि बाबा. कानयंत्र डबीत, डबी ड्रेसरवर, बाबा घोरतायत. अलार्मचा आवाज खूप उंच पट्टीतला, साधारण ३००० हर्ट्झ, आणि वयाबरोबर नेमकी तीच पट्टी आधी जाते. एकूण वेळ ४ मिनिटं १० सेकंद, तेही मी धाकट्याला उचलून आणला म्हणून.

म्हणजे दोन महिने मी काय करत होते तर अलार्म वाजू नये तेव्हा वाजणार नाही याची व्यवस्था. वाजला तर ज्याला ऐकू जायला हवा त्याला जातो का, हे विचारलंच नाही.

दुसरा वाद दारांचा. झोपताना खोल्यांची दारं लावायची, बंद दार धूर आणि आच बराच वेळ अडवतं. आई म्हणाल्या दार लावून झोपतात ते भांडलेले लोक. मग मी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या ट्विन पार्क्सचं सांगितलं. ९ जानेवारी २०२२, १९ मजली इमारत, एका घरात हीटरने आग लागली. आग फारशी पसरलीच नाही, पण घरातले पळाले तेव्हा आपोआप बंद व्हायला हवं ते दार उघडंच राहिलं आणि धूर जिन्यातून वर. १७ माणसं गेली, ८ मुलं, सगळी धुराने. आणि तिथे अलार्म इतक्या वेळा उगाच वाजायचे की त्या सकाळी अनेकांनी लक्षच दिलं नाही. हे शेवटचं ऐकून नवऱ्याने झाडूकडे बघितलं.

दारं आता बंद. आईंसाठी धाकट्याच्या खोलीत बेबी मॉनिटर लावला, तो अकरा वर्षांचा आहे, त्याचा प्रचंड अपमान झालाय.

२१ डिसेंबर, शनिवार

बाबांसाठी यंत्र आलं. पलंगाशेजारी ठेवायचं, ते अलार्मचे तीन-तीन भोंगे ओळखतं आणि मग स्वतः ५२० हर्ट्झच्या जाड आवाजात वाजतं, शिवाय गादीखालची तबकडी गदागदा हलते. धाकट्याची खोली ही नवऱ्याची जबाबदारी, पँट असो नसो. बाबांच्या खिडकीची चौकट रंगाने चिकटली होती ती सुरीने सोडवली.

ड्रिल २, बाहेर कडाक्याची थंडी, दारापाशी सहा जुने कोट टांगलेले. भेटायची जागा पोस्टाची पेटी. वेळ १ मिनिट ५० सेकंद. बाबा सगळ्यात शेवटी, कानटोपी, मफलर, हातमोजे असा पूर्ण जामानिमा करून. त्यांना सांगितलं कानटोपी बाहेर घालायची. "सर्दी झाली तर?"

५ जानेवारी २०२५, रविवार

झाड काढलं. पाणी प्यायचं त्याने तीन-चार दिवसांपूर्वीच कमी केलं होतं, शीटमध्ये आईंचे आकडे आहेत, ३ तांबे, २, अर्धा, शून्य. शून्य आलं त्याच दिवशी माळा बंद केल्या. मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसला २०१५ साली १९ जानेवारीला अशाच घरातल्या पंधरा फुटी झाडाला वायरिंगमधल्या बिघाडाने आग लागली, आजीआजोबा आणि चार नातवंडं गेली. धाकटा म्हणाला अजून एक आठवडा. नाही. टाऊनशिपच्या कचऱ्यात, गॅरेजमध्येही ठेवायचं नाही. सुया व्हॅक्यूम करतेय अजून.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाच्या वड्या. गुळाचा पाक चढवला आणि नेमका ऑफिसचा कॉल आला, दोन मिनिटं म्हणून बाजूला गेले. शेगडी सोडून जायचं नाही, हे माझ्याच हातचं दाराला चिकटवलेलं आहे.

पाक काळा, किचन धुराने भरलेलं, आठही अलार्म एकदम. खरा धूर, बरोबर वाजले. मी गॅस बंद करून परात टाकली, नवरा मासिकाने वारा घालतोय, आई "माझा चिक्कीचा गूळ गं" म्हणतायत, थोरली व्हिडिओ काढतेय, धाकटा खिडक्या उघडतोय. सगळे आत. झाडूला मात्र कोणी हात लावला नाही, हश बटणही नाही, नुसतं वाजू दिलं.

पाच-सात मिनिटांनी शांत झालं तेव्हा आईंनी विचारलं, हे कुठायत? दुपारची झोप काढत होते. खोलीत बघितलं, पलंग रिकामा, गादीखालचं यंत्र अजून थरथरतंय, दार नीट बंद केलेलं.

बाबा पोस्टाच्या पेटीपाशी उभे होते. चपला, लुंगी, वर माझा जुना जांभळा कोट. कानटोपी हातात.

शीट: ड्रिल ३, अनियोजित. पास १, नापास ५.